काखेत कोंबडा, उजवा हात वर

त्या सोमवारी सकाळी झेंड्यासमोर उभं राहून मी उजवा हात वर केला आणि अख्ख्या शाळेला ऐकू जाईल अशा खणखणीत आवाजात चुकले.

नोकरीचा पहिलाच आठवडा होता. मुख्याध्यापिका पालोमारेस बाईंनी सांगितलं, आज प्रतिज्ञा तुम्ही म्हणा. मला काय, बालवाडीपासून पाठ होती ती. झोपेतून उठवलं असतं तरी म्हटली असती. मधली दोन वर्षं मी मनिलात बुटांच्या दुकानात लोकांच्या पायांत बूट चढवत होते, आणि तेवढ्यात सरकारनं प्रतिज्ञेचे शब्द बदलले होते, हे मला कुणी सांगितलंच नाही. ऑफिसच्या भिंतीवर नवी प्रतिज्ञा सुबक अक्षरात लावलेली होती म्हणे. पण पाठ असलेली गोष्ट कोण वाचत बसतं?

पहिल्या ओळी सारख्याच होत्या. माझं फिलिपिन्सवर प्रेम आहे, ही माझी जन्मभूमी, हे माझ्या लोकांचं घर... इथवर मुलं माझ्याबरोबर छान सुरात होती. मग मी एक म्हटलं, मुलांनी दुसरंच. मी ‘त्याच्या बदल्यात’ म्हणाले, मुलं ‘माझं प्रेम आहे म्हणून’ म्हणाली. सगळा चिवडा झाला. हळूहळू एकेक रांग गप्प होत गेली आणि पटांगणात माझा एकटीचा आवाज उरला. कानांच्या पाळ्या तापल्या. पण प्रतिज्ञा मध्येच सोडता येत नाही ना... आणि मी हट्टी. तशीच पुढे रेटत राहिले.

तेवढ्यात फाटकापाशी एक पुरुषी आवाज माझ्या आवाजाला येऊन मिळाला. माझेच शब्द, जुने. ठाय लयीत, जरा घोगरा.

बघू नये, पण मी बघितलं. झेंडा चढताना आमच्याकडे रस्त्यावरचा माणूसही जागच्या जागी थांबतो, तसा तो थांबला होता. उंच, उन्हानं रापलेला, उजवा हात शिस्तीत वर. आणि डाव्या काखेत एक लालभडक तुऱ्याचा झुंजीचा कोंबडा. दोघंही अगदी गंभीर. आम्ही दोघांनी मिळून प्रतिज्ञा शेवटाला नेली, आणि शेवटचा शब्द संपताच कोंबडा आरवला.

झालं. तिसरीच्या रांगेतून बारीक आवाजात ‘उय्यय...’ निघालं, ते सहावीपर्यंत पोचायला वेळ लागला नाही. आमच्या बेटावर एखाद्या मुलाचं नाव एखाद्या मुलीला चिकटवायचं असलं तर तेवढं ‘उय्यय’ पुरतं. मी मान खाली घातली. त्यानं कोंबड्यासकट मान लववली आणि धक्क्याच्या दिशेनं निघून गेला.

माझं नाव लुझव्हिमिंडा. देशाच्या तिन्ही भागांच्या नावांचे तुकडे जोडून वडिलांनी हौसेनं ठेवलेलं. सगळे मिंडा म्हणतात. लेकीला देशाचं नाव देऊन वडील जहाजावर गेले, आणि मी चौथीत असताना कळलं की दुसऱ्या एका बंदरात त्यांनी दुसरा संसार मांडलाय. आई रडली असेल, पण मला दिसली नाही. तिनं आरारूटची बिस्किटं करून विकायला सुरुवात केली, आणि माझ्यापुढे एकच नियम ठेवला. जावई कसाही चालेल. काळा चालेल, बुटका चालेल, घोरणारा चालेल. खलाशी चालणार नाही.

शुक्रवारी संध्याकाळी झेंडा उतरवून मी वर्गाला कुलूप घालत होते, तर तो फाटकात उभा. या वेळी कोंबड्याशिवाय. नाव आमादोर रेहानो, पण सगळे आदोर म्हणतात, असं त्यानंच सांगितलं. मी न विचारता.

“मॅडम, मला नवी प्रतिज्ञा शिकवाल का?” तो म्हणाला. “सोमवारी फार लाज वाटली.”

“तुम्हाला कशाला लाज? चुकले मी.”

“मग दोघांनी मिळून शिकू. एकट्यानं पाठ होत नाही माझ्याकडून... शाळेतही व्हायचं नाही.”

“सोमवारी तर न अडखळता म्हणत होतात.”

“पुढे कुणीतरी म्हणत होतं ना,” तो म्हणाला आणि स्वतःच्या चपलांकडे बघत बसला.

हसू आवरायला मला कुलूप पुन्हा एकदा उघडून लावावं लागलं. मग पायरीवर बसून मी त्याला एकेक ओळ सांगितली. पहिली ओळ आली, माझं प्रेम आहे... तशी मी भराभर पुढे गेले. त्यानं मात्र तीच ओळ पुन्हा म्हणायला मागितली. नीट बसली नाही म्हणाला. 

हे असं दर शुक्रवारी सुरू झालं. एवढीशी प्रतिज्ञा, पण गड्याच्या डोक्यात काही शिरेना. मुलं येता-जाता उय्यय करायची. पालोमारेस बाईंनी मला बोलावून विचारलं की हा विद्यार्थी नक्की कितवीत आहे, आणि स्वतःच हसत सुटल्या. तो कधी आंबे आणायचा, कधी नुसता यायचा. एकदा म्हणाला, “जुनी आणि नवी यांत फरक काय, सांगू? जुन्या प्रतिज्ञेत देश मला सांभाळतो, त्याच्या बदल्यात मी नीट वागतो. म्हणजे व्यवहार. नवीत बदल्यात काही नाही. प्रेम आहे म्हणून वागायचं, बस्स.”

“म्हणजे पाठ झाली तुमची.”

“अर्थ कळला. पाठ कुठे झालीय...”

त्या दिवशी घरी जाताना मी वाट चुकले नाही एवढंच. बाकी सगळं चुकलं. आईला मीठ दे म्हटलं आणि मीच मिठाचा डबा हातात धरून बसले होते.

मग एका शुक्रवारी त्यानं सांगून टाकलं. तो जहाजावर असतो. सध्या सुट्टीवर आलाय, मनिलाच्या एजन्सीचा फोन येईल तेव्हा जाईल, दहा महिन्यांसाठी. आणि जाण्याआधी त्याला माझ्याकडून एक शब्द हवा होता. आमच्यात मुलगा विचारतो आणि मग थांबून राहतो, मुलीनं आपल्या वेळेला हो म्हणेपर्यंत. घाई करायची नसते. पण फोनला हे कोण सांगणार?

खलाशी. सगळ्या बेटावर शेतकरी होते, सुतार होते, एक दातांचा डॉक्टरही होता, आणि माझं मन जाऊन बसलं ते जहाजावर. आई खिडकीत उभी राहून वडिलांची वाट बघायची, ती पाठमोरी आई मला दिसायला लागली. तिच्यासारखं वाट बघत म्हातारं व्हायची मला भीती वाटत होती, आणि त्याला नाही म्हणायची त्याहून जास्त.

“प्रतिज्ञेत काय म्हटलंय?” मी शेवटी विचारलं. “आईवडिलांचा सल्ला ऐकेन. वडील नाहीत. आईचा सल्ला आहे, खलाशी नको.”

मला वाटलं, उठून जाईल. त्यानं उलट मलाच विचारलं.

“ही ओळ नवीतही आहे का?”

“आहे.”

“मग आधी तुझ्या आईची मर्जी मिळवायला हवी,” तो म्हणाला. पहिल्यांदाच मला ‘तू’ म्हणाला, आणि मी टोकलं नाही.

दुसऱ्याच दिवशी तो आमच्या दारात. पूर्वी मुलीला मागणी घालणारा मुलगा तिच्या घरी पाणी भरायचा, लाकडं फोडायचा, तसं आता कोण करतं? यानं केलं. आई त्याच्याशी बोलायची नाही, पण कामं सांगायची. आरारूटचे कंद धुऊन घेतले, किसून घेतले, पीठ वाळत घालून घेतलं. “खलाशाला पाण्याची सवय असते,” असं म्हणून विहिरीवर पाठवलं. तो “हो, आलिंग सेपा” म्हणून निमूट जायचा; आलिंग म्हणजे आमच्याकडचं काकू. शेजारणी कुंपणावरून मजा बघायच्या आणि उय्यय करायच्या. म्हाताऱ्या बायकासुद्धा.

पण आई काही विरघळेना. एकदा मला म्हणाली, “लाकडं तुझ्या बापानंही फोडली होती. चांगली बारीक फोडायचा.”

आणि मग तो पावसाचा शुक्रवार आला. झेंडा उतरवायची वेळ आणि पाऊस असा कोसळला की मुलं व्हरांड्यात पळाली. पालोमारेस बाई म्हणाल्या, राहू दे राष्ट्रगीत, गुपचूप उतरवून घ्या. पण मोठ्या मुलांनी गायला सुरुवात केलीच होती. मी दोरी सोडत होते, पावसापलीकडचं काही दिसत नव्हतं. रस्त्यावर काय चाललंय हे मला रात्री जेवताना आईकडून कळलं.

आदोर तिच्या पिठाचं पोतं खांद्यावर घेऊन येत होता. आई त्याच्यामागून केळीचं पान डोक्यावर धरून. गीत ऐकू आलं तसा तो थांबला. अंगातला शर्ट काढून त्यानं पोत्यावर गुंडाळला आणि ताठ उभा राहिला. रस्त्यावर चिटपाखरू नव्हतं. आई मागून ओरडली, अरे मूर्खा, चल, कोण बघतंय? तो हलला नाही. गीत संपलं, झेंडा खाली आला, मगच पाऊल उचललं.

“पीठ भिजलं?” मी विचारलं.

“पीठ कोरडं. तो चिंब.” आईनं मासळीचा काटा काढून बाजूला ठेवला. मग म्हणाली, “तुझा बाप झेंड्याला कधी थांबायचा नाही. लोक उभे असायचे आणि हा मधून चालत जायचा. म्हणायचा, कोण बघतंय?”

दुसऱ्या दिवशी त्याच्यापुढे पाण्याच्या तांब्याऐवजी आल्याच्या गरम रश्शाचा वाडगा आला, आणि त्यातला कोंबडीचा पाय माझा असायचा नेहमी.

फोन आलाच. सोमवारची आठची बोट, तिथून मनिला. त्यानं मला विचारलं नाही पुन्हा. नुसतं म्हणाला, “तुझ्या वेळेनं सांग. ज्या बंदराला लागेन तिथून फोन करेन. तू नुसतं हॅलो म्हटलंस तरी चालेल.” अशानं तर माणूस जास्तच अडकतो.

सोमवारी प्रतिज्ञेची पाळी माझी. रात्रभर डोळा लागला नव्हता. झेंडा वर गेला, मी हात उचलला, सुरुवात केली... आणि फाटकाकडे नजर गेली. तो उभा होता. खांद्याला बॅग, डाव्या काखेत तोच कोंबडा, उजवा हात वर. आणि त्याच्या शेजारी, बिस्किटांचा पत्र्याचा डबा पोटाशी धरून, उजवा हात वर करून, माझी आई.

माझी जीभ सरळ जुन्या वाटेला लागली. ‘त्याच्या बदल्यात’ म्हणाले. आईही ‘त्याच्या बदल्यात’ म्हणाली, तिला तेवढंच येतं. मुलं ‘माझं प्रेम आहे म्हणून’ म्हणाली, आणि त्यांच्यात सगळ्यात मोठा, सगळ्यात स्वच्छ आवाज आदोरचा होता. एक शब्द चुकला नाही पठ्ठ्या. केव्हाची पाठ होती त्याला.

प्रतिज्ञा संपली. पालोमारेस बाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि फाटकाकडे हात केला. जा एकदाची, अशा अर्थानं. मी गेले. मागे सगळी शाळा श्वास रोखून उभी.

“हा जनरल,” आदोरनं कोंबडा पुढे केला. “दहा महिने सांभाळशील? तुझ्या आईनं तर सांगितलंय, झुंजीला नेला तर नाताळात रस्सा करेन.”

“आणि बदल्यात?” मी विचारलं.

“बदल्यात काही नाही. प्रेम आहे म्हणून सांभाळ.” मग हळूच म्हणाला, “माझंही आहे. म्हणून परत येईन.”

धक्क्यावरून बोटीचा भोंगा झाला. मी आईकडे पाहिलं. इतक्या वर्षांत पहिल्यांदा तिचे डोळे भरलेले मला दिसले. तिनं डबा त्याच्या बॅगेत कोंबला आणि माझ्यावरच खेकसली.

“माझ्याकडे काय बघतेस? सल्ला हवाय ना, मग ऐक. हो म्हणायचं असेल तर आत्ता म्हण. नाहीतर दहा महिने माझं डोकं खाशील.”

“हो,” मी म्हणाले.

आदोरनं जनरलला माझ्या डाव्या काखेत दिलं, माझ्या बोटांवरचा त्याचा हात जरा वेळ तसाच राहिला, आणि मग तो पळत सुटला. धक्क्याच्या वळणावर थांबून मागे वळला. निरोप द्यायला मी उजवा हात वर केला.

मागे खुसफुस ऐकू आली म्हणून वळून पाहिलं. पहिलीपासून सहावीपर्यंत सगळ्या रांगांनी हात वर केले होते. माझा हात पुन्हा वर गेला म्हणजे प्रतिज्ञा अजून बाकी आहे, असं त्यांना वाटलं. त्यांचंही काही चुकलं नव्हतं.