रोज धुतलेली ताटली

शाळेच्या मागच्या पटांगणात इतिहासाच्या बाई हातोडीने चिनी मातीच्या ताटल्या फोडत होत्या. पाचवी फुटली आणि मागून कुणीतरी म्हणालं,

"राग ताटल्यांवर आहे, की जेवणाऱ्यावर?"

बाई दचकल्या. फाटकाशी एक माणूस उभा होता — खांद्यावर पिशवी, बुटांवर धूळ, चेहऱ्यावर हसू. मुलांना उत्खनन शिकवायला संग्रहालयातून येणारे ते हेच, हे त्यांना जरा उशिराच उमगलं. यायचे होते उद्या, टपकले आज.

"राग कसला... उद्या मुलं खणणार, तर खड्ड्यात काही सापडायला नको?"

"इतक्या आवेशाने फोडलंत तर भुगाच सापडेल." सहावी ताटली उचलून त्यांनी दगडावर हलकेच आपटली. तिचे सुबक चार तुकडे झाले. "अशी. जरा प्रेमानं."

बाई हसल्या, आणि आपण हसलो याचंच त्यांना नवल वाटलं.

"आणल्यात कुठून?"

"भंगारातून," बाई धडधडीत खोटं बोलल्या.

भंगार कसलं, लग्नात आलेला संच होता तो. काही वर्षांपूर्वी नवरा महिन्याभरात परततो म्हणून परगावी गेला आणि तिकडेच दुसरा संसार थाटून बसला. त्याच्या मित्राकडून बाईंना हे कळलं, पण त्यांनी ब्र काढला नाही. कारण घरात सासूबाई होत्या, आणि त्या रोज रात्री तीन ताटल्या मांडत. दोन आपल्या, एक त्याची. म्हातारीचा जीव त्या तिसऱ्या ताटलीत अडकलाय, तो कुठल्या तोंडाने सोडवायचा? शेवटी बाईंनी बाजारातून स्टीलची ताटं आणली, जुना संच माळ्यावर टाकल्याची थाप मारली आणि पिशवीत भरून तो शाळेत आणला. सासूबाई त्या रात्रीपासून स्टीलची तीन ताटं मांडू लागल्या.

मुलांनी पाहुण्यांचं नाव लगेच 'उकरे सर' ठेवलं. उकरे सरांनी दोऱ्या बांधून चौकोन आखले, कुंचले वाटले, माती गाळायला चाळण्या दिल्या. "फावडं मारायचं नाही. कुरवाळल्यासारखी माती काढायची," ते मुलांना सांगत आणि बघत बाईंकडे. मग बाई उगाचच एखाद्या गरीब मुलाला दटावत. मधल्या सुट्टीत दोघं खड्ड्याच्या काठावर बसून डबा खात. एकदा बाईंच्या गालाला माती लागली होती. सरांनी ती पुसली नाही, नुसतं बोट आपल्या गालाला लावून दाखवलं... आणि बाईंचा तो दिवस कामातून गेला.

घरी जाताना मात्र पाय जड होत. तिशी ओलांडलेल्या बाईचं काळीज सोळाव्या वर्षासारखं धडधडावं, आणि तेही सगळ्या वाटा बंद असताना? त्यांना स्वतःचीच कीव येई.

आठवड्याभरात मुलांनी तुकडे जोडत आणले. सरांचा नियम एकच — जे दिसतं तेवढंच बोला, हवेत इमले नकोत.

"तीन ताटल्या कोऱ्या," एक मुलगा म्हणाला. "सोनेरी कडसुद्धा शाबूत. दोन वापरातल्या, चमच्याचे ओरखडे आहेत. म्हणजे घरात दोघंच जेवायची."

"आणि ही?" चष्मेवाल्या मुलीने सहावी पुढे केली. "हिची कड घासून घासून उडालीय, पण ओरखडा एकही नाही. सर, ही रोज धुतली जायची... पण हिच्यात कुणी जेवायचंच नाही."

"असं कोण कशाला करेल?"

"कुणाची तरी वाट बघत असतील."

सर 'इमले नकोत' म्हणायला वळले आणि बाईंचा चेहरा बघून त्यांनी ती ताटली अलगद बाजूला ठेवली.

शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात त्यांनी विचारलं, "भंगारातल्या नव्हेत ना?"

बाईंनी सगळं सांगितलं. सरांनी बोटांत फिरवत असलेला तुकडा जागेवर ठेवला.

"मला परदेशातल्या एका उत्खननावर बोलावलंय. तीन वर्षांसाठी. उद्या दुपारपर्यंत कळवायचंय. तुम्ही थांबा म्हणालात तर थांबतो. मला तुम्ही आवडता... ती हातोडी बघितली तेव्हापासून."

"हातोडी बघून लोक पळतात."

"मी जीव मुठीत धरून प्रेमात पडलो."

बाई हसल्या आणि हसता हसता त्यांचे डोळे भरून आले. "माझाही जीव जडलाय तुमच्यावर. पण त्या माउलीला काय सांगू? तुमचा मुलगा येणार नाही, आणि आता मीही चालले? नाही जमणार मला. जा तुम्ही."

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी वर्गात प्रदर्शन मांडलं. बाईंनी घरी अवाक्षर काढलं नव्हतं, पण शेजारची मुलगी याच शाळेतली. तिचं बोट धरून सासूबाई हजर. चष्मेवालीने त्यांना न जेवलेल्या ताटलीची हकीकत इमानेइतबारे समजावून सांगितली. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं बाईंना झालं.

"फोडलीस होय," सासूबाई हळूच म्हणाल्या. "मला हाक मारायचीस की. मीही दोन फोडल्या असत्या."

"आई..."

"त्याचं तिकडचं मला केव्हाच कळलंय. मुलगी झालीय त्याला. मी ताट मांडत होते ते तुझ्यासाठी गं. तुझी आशा मी कशाला मोडू?"

"आणि मी तुमच्यासाठी..." दोघींनी एकमेकींना जपता जपता आपली वर्षं मातीत घातली होती.

त्या धावतच पटांगणात गेल्या. खड्डा बुजवून झाला होता, सर दोऱ्या गुंडाळत होते.

"कळवलंत?"

"दुपारीच. का?"

बाईंनी एका दमात सगळं सांगितलं. मला तुम्ही हवे आहात, हेही सांगितलं. सर दोरी टाकून तिथेच मातीत बसले.

"हे काल..."

"काल मला माहीत नव्हतं."

"आता शब्द दिलाय. माझ्या भरवशावर माणसं निघालीत." ते उठून बाईंसमोर आले. "तीनच वर्षं. मी परत येईन, नक्की येईन. थांबाल?"

बाईंनी त्यांचा मातीने भरलेला हात पहिल्यांदाच हातात घेतला आणि कितीतरी वेळ सोडला नाही.

"प्रेम करीन," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं, तेरा वर्षं, म्हणाल तितकी. पण वाट बघ म्हणू नका. ते आता माझ्याच्याने होणार नाही."

सरांनी मान हलवली. त्यांना ते पटलं होतं, आणि पटूनही त्यांना जावंच लागणार होतं. ते फाटकाबाहेर दिसेनासे होईपर्यंत बाई ताठ उभ्या राहिल्या. मग मागोमाग आलेल्या सासूबाईंच्या खांद्यावर डोकं टेकून त्या पोटभर रडल्या, आणि सासूबाईंनी त्यांना 'येईल गं तो' असं म्हटलं नाही.