घाफखालचा दहीभात

आशाताई, ही चावी तुमच्याकडे ठेवा. नाही हो, इंडियाला नाही चाललो. सव्वा तासाचा रस्ता आहे फक्त. जगन्नाथ खाली गाडीपाशी उभा आहे, त्याला म्हटलं दहा मिनिटं थांब. भर दुपारी अडीच वाजता देवापुढे समई लावलीय म्हणून बघताय ना? बसा तिच्यापाशी. तुम्ही शेजारच्या, आणि या बिल्डिंगमध्ये माझं असं कोण आहे दुसरं? तुम्हाला सांगितल्याशिवाय मी लिफ्टचं बटण दाबणार नाही.

वाळवंटात फुलं बघायला जायचं, ही टूम माझी नव्हे. गेल्या वर्षी थंडीत दोनदा बरा पाऊस झाला आणि मार्चमध्ये मंडळाच्या ग्रुपवर फोटोच फोटो. पिवळी फुलं, जांभळी फुलं, फुलांच्या पुढे गॉगल लावलेल्या बायका. जगन्नाथ म्हणाला, शनिवारी जाऊ या, आपली ऋता सात वर्षांची झाली तरी मॉलच्या फरशीवरच चालतेय, जरा मातीत चालू दे. मी म्हटलं, माती कुठली मेली, वाळू ती. तरी डबा भरला. घावणे, चटणी आणि दहीभात. आमच्या मालवणात रानात जायचं तर दहीभात हवाच, पोटाला नाही तरी जागेवाल्याला.

जागेवाला माहीत आहे ना तुम्हाला? प्रत्येक जागेला एक राखणदार असतो. त्याच्या हद्दीत जेवायला बसायचं तर आधी त्याचं पान काढायचं, हात जोडून गाऱ्हाणं घालायचं, मग आपण घास घ्यायचा. माझी आई करायची, मी करते. दुबईत चौदा वर्षं झाली म्हणून काय रीत सोडायची?

त्या दिवशी माझं डोकं आधीच तापलेलं होतं. गाडीत आईचा व्हिडिओ कॉल आला. बिचारी डोळे बारीक करून विचारतेय, "बाय, जेवलंस काय गो?" आणि आमच्या बाईसाहेब टॅबमधून मान वर न करता म्हणतात, "येस, आय एट. बाय." आईचा चेहरा एवढासा झाला. मी ऋताला झापझाप झापलं. मराठीत बोल म्हणून किती घसा फोडायचा? आम्ही दिवसभर कामगारांच्या कॅम्पचे डबे करतो, मराठी पोरांना आईच्या हातचं लागतं म्हणून, आणि आमच्याच पोटची पोर आजीशी दोन शब्द बोलत नाही. ऋता म्हणाली, "यू ऑल्वेज शाउट, आई." जगन्नाथ हसला. मी त्यालाही सोडलं नाही.

शारजाच्या पुढे, डोंगर दिसायला लागतात तिथे ते राखीव वाळवंट आहे. गेटवर एक म्हातारा राखणीला होता, तहा नावाचा, पेशावरकडचा. तिकीट तपासलं आणि बोटांवर मोजून सांगितलं, "फूल तोडना नहीं. पाँच बजे के बाद रुकना नहीं. और खाना... खाना इधर छोड़ना नहीं, बाजी. एक दाना भी नहीं."

मला वाटलं, स्वच्छतेचं सांगतोय. म्हटलं, हो बाबा, आम्ही काय कचरा करणारे दिसतो?

आत गेलो. खोटं कशाला बोलू, सुंदर होतं. वाळूवर हिरवट साय धरावी तसं गवत, मध्ये मध्ये बारीक जांभळी फुलं. पण उतारापलीकडे एकटं घाफचं झाड होतं आणि त्याच्याभोवती वेगळंच काही उगवलेलं. पान नाही, फांदी नाही, हिरवं म्हणून काही नाही. थेट वाळू फोडून वर आलेली पिवळीजर्द, मांसल कणसं, हातभर उंच. बॅटरीवरची गाडी घेऊन तहा तिकडून जात होता, त्याला विचारलं तर थांबलाही नाही, जाता जाता म्हणाला, "ये अपना नहीं खाता. दूसरे की जड़ से पीता है."

आणि वास. आंबलेल्या ताकाचा वास यायचा त्या कणसांना. एक माशी बसत नव्हती त्यांच्यावर.

जगन्नाथ गाडीतून चटई आणायला मागे गेला. मी घाफखाली डबा उघडला. केळीचं पान कुठलं तिथे, फॉइलचा तुकडा फाडला, त्यावर दहीभाताची मूद ठेवली आणि हात जोडले. ऋता बघत होती. "हू इज दॅट फॉर?"

"जागेवाल्याला. आणि ऐक, इथे कोणी नावाने हाक मारली तर ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही. माणूस तीनदा हाक मारतो. दुसरं जे असतं ते दोनदाच मारतं."

"व्हाय ओन्ली टू?"

"मराठीत विचार, मग सांगते!"

ती पाय आपटत समोरच्या उतारापलीकडे गेली, टॅब घेऊन, फुलांचे फोटो काढायला. आणि मी, आशाताई, त्या तिरमिरीत गाऱ्हाणं घातलं. आई घालते तसंच, मोठ्याने. "बा जागेवाल्या, आम्ही परक्या मुलखातली माणसं. चार घटका आलोय. गोड मानून घे, आमच्यात येऊन जेव. आणि एवढी माझी पोर मराठी बोलेल असं कर, म्हणजे मिळवली."

आपल्याकडचा राखणदार आपल्या माणसांना ओळखतो हो. तीनशे वर्षं त्याच्या पानावर भात पडतोय. इथे कोण राहतं, ते जेवतं का, कधीपासून उपाशी आहे, मला काय माहीत होतं? मी कोणाला जेवायला बोलावलं, हे मी बघितलंच नाही.

वारा पडला. एकदम, पंखा बंद करावा तसा. सूर्य डोक्यावर, आणि सावली म्हणून फक्त त्या झाडाची. मी हाक मारली, "ऋता, ये जेवायला!" काही नाही. परत मारली. काही नाही. तिसऱ्यांदा ओरडले तेव्हा माझा आवाज फाटला.

"ओ!"

माझी पोर आयुष्यात कधी ओ म्हणाली नव्हती. नेहमी "व्हॉट?" म्हणायची. आणि ती गेली होती समोरच्या उताराकडे, आली माझ्या पाठीमागून, झाडाच्या बुंध्याकडून. तोच गुलाबी फ्रॉक, त्याच दोन वेण्या. टॅब नव्हता. "टॅब कुठे?" विचारलं तर म्हणाली, "मेला तो टॅब. चल, जेवून घेऊ, उशीर झाला."

स्वच्छ मराठी. अगदी माझ्यासारखी, हेल काढून.

लाज वाटते सांगायला, पण मला आनंद झाला. मी तिला जवळ ओढून मुके घेतले. तिच्या तोंडाला दह्याचा वास येत होता. मग मी खाली बघितलं, तर फॉइल चाटून पुसून लख्ख. म्हटलं, पोरीने खाल्ला असेल, भूक लागली असेल. माणसाला जे हवं असतं ना, ते समोर आलं की तो बाकी काही बघत नाही.

जगन्नाथ चटई घेऊन आला, पण तिथे बसवेना. त्याला तो वास सहन होईना. म्हणाला, यल्ला, चला, गाडीतच खाऊ. ऋता आमच्यापुढे चालत गेली आणि मागच्या सीटवर बसून स्वतःच बेल्ट लावला. एरवी त्या बेल्टवरून रोज रडारड. जगन्नाथने गाडी सुरू केली, एसी फुल्ल केला. मी माझ्या बाजूची काच वर घेत होते. अर्धी काच उघडी होती.

उतारापलीकडून हाक आली.

"आई... वेट!"

जगन्नाथला ऐकू गेलं नाही, तो रिव्हर्स कॅमेऱ्यात बघत होता. मी मान वळवली. ऋता मागे बसलेली, माझ्याकडेच बघत. तिने माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि हळू आवाजात म्हणाली, "ओ द्यायची नाही. तिसऱ्या हाकेशिवाय ओ द्यायची नाही."

परत आली हाक. लांबून, धापा टाकत. "आई, वेट फॉर मी!"

दोन झाल्या. मी तिसरीची वाट बघितली, आशाताई. देवाशप्पथ बघितली. आईने शिकवलेलं, लहानपणापासून अंगात भिनलेलं. पोर माझ्या डोळ्यांसमोर बसलीय, मग बाहेरचं ते काय? चकवाच असणार. मी मनात दहा आकडे मोजले. तिसरी आली नाही. मी काच लावून घेतली आणि जगन्नाथला म्हटलं, "चल."

तिसरी आली की नाही, मला काय कळणार? काच लावल्यावर आली असेल तर?

गेटवर तहाने गाडी अडवली. आत वाकून बघितलं. मागच्या सीटवर नजर गेली तशी त्याची मान मागे झाली. माझ्याकडे बघून विचारलं, "बाजी... कुछ छोड़ा तो नहीं अंदर?"

मला वाटलं, दहीभाताचं विचारतोय. मी धडधडीत खोटं बोलले. म्हटलं, "नहीं, कुछ नहीं छोड़ा."

हे सांगताना आता माझी जीभ झडत कशी नाही?

घरी आलो. पहिले आठ दिवस मी गावभर सांगत होते, पोर सुधारली. तुम्हालाही सांगितलं होतं, आठवतं? आईला फोन लावून दिला. दोघी बोलल्या पाच मिनिटं. दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "दर्शना, तिका फोन देव नको माका." का, ते सांगितलं नाही. अजून सांगत नाही. नातीसाठी झुरणारी बाई ती.

मग हळूहळू माझ्या लक्षात आलं. ती जे बोलते ते सगळं मीच कधी ना कधी बोललेलं असतं. "मेला", "किती घसा फोडायचा", "मी काय मशीन आहे का", सगळं माझंच, माझ्याच आवाजाच्या चढउतारासकट. जे वाक्य मी कधी उच्चारलं नाही, ते तिला येतच नाही. शाळेत तर तोंडच उघडत नाही. टीचरने बोलावून सांगितलं, शी हॅज स्टॉप्ड टॉकिंग. डॉक्टर म्हणाले, स्ट्रेस असेल, स्क्रीन टाइम कमी करा. जगन्नाथ म्हणाला, तुला मराठी हवं होतं, आता बोलते तर भूत दिसतं? त्यावरून आमच्यात जी भांडणं झाली ती तुम्ही भिंतीपलीकडून ऐकलीच असतील. रोज दुपारी ती ओट्यापाशी येऊन उभी राहते. मी दहीभात कालवला की खाते. दुसरं काही खात नाही, वर्ष झालं. आणि भात कालवला नाही तर नुसती उभी राहून माझ्याकडे बघते.

मी काय करणार होते? पोलिसात जाऊन काय सांगू? माझी मुलगी हरवलीय आणि ती घरातच आहे?

काल नीलिमा आली होती, मंडळाची सेक्रेटरी. यंदाही पाऊस चांगला झाला, शनिवारी फुलं बघायची ट्रिप काढतेय. आधी जागा बघून आलो म्हणून व्हिडिओ दाखवायला लागली. मी बघत नव्हते. नुसतं हो हो करत चहा गाळत होते. फोनमधून वाऱ्याचा आवाज येत होता. मग वारा पडला.

"आई... आय अ‍ॅम स्टिल हिअर."

माझ्या हातातली गाळणी पडली. नीलिमा स्वतःच चमकली. म्हणाली, "अगं, हे कोणाचं पोर? आम्ही तर चौघी बायकाच होतो तिथे." मी फोन हिसकावून घेतला. स्क्रीनवर तेच घाफ, आणि भोवती ती पिवळी कणसं, गेल्या वर्षीपेक्षा दुप्पट.

त्या दोन, आणि ही एक. तिसरी हाक, आशाताई. वर्षभर थांबून मारलेली.

मी ओ दिली. नीलिमासमोर, फोनला तोंड लावून वेड्यासारखी ओरडले, "ओ! आले गं बाळा, आले!" आणि आतल्या खोलीतून आमची ही शांतपणे म्हणाली, "ओ द्यायची नाही. किती वेळा सांगायचं?"

रात्री जगन्नाथने व्हिडिओ ऐकला. सहा वेळा ऐकला. मग भिंतीकडे तोंड करून रडला. सकाळी म्हणाला, जाऊ या. जिला बोलावून आणलंय तिला परत सोडू आणि आपली घेऊन येऊ. तो म्हणाला तेवढं सोपं असेल तर त्याच्या तोंडात साखर पडो.

म्हणून चावी. आता नीट ऐका. संध्याकाळी, उद्या, कधीही, या दारात पोरीचा आवाज आला तर आधी आतूनच काहीतरी विचारा. तिने इंग्लिशमध्ये उत्तर दिलं तर एका हाकेत ओ द्या, धावत दार उघडा, तिला पोटाशी धरा. मी शपथ घेतलीय, पुन्हा तिला भाषेवरून बोलणार नाही. पण उत्तर मराठीत आलं, तर मी सोबत उभी असले, मी स्वतः उघड म्हणाले, तरी उघडू नका.

या, खिडकीशी या. दिसतेय का खाली? जगन्नाथ अजून बाहेर उभा आहे, आत बसायचा धीर होत नाही त्याला. ती केव्हाची मागे बसलीय, बेल्ट लावून. कुठे चाललोय ते आम्ही तिला सांगितलेलं नाही. मांडीवर बघा, स्टीलचा डबा घेतलाय, दोन्ही हातांनी धरून. मघाशी मी झाकण उघडून बघितलं. तीन माणसांना पुरेल एवढा दहीभात आहे.

आणि आज सकाळपासून मी घरात भात लावलेलाच नाही.