एकाच दावणीला

“अहो, ही झाडं काय तुमच्या तीर्थरूपांनी लावलीत का?”

त्याच्याशी बोललेलं माझं पहिलं वाक्य हे. दिवसभर गाडी हाकून, मागे ट्रेलरमध्ये घोडी घेऊन मी घोडेस्वारांच्या त्या जंगलातल्या कॅम्पवर पोचले, तर सावलीतल्या सगळ्या चांगल्या झाडांना याची दावण! इथून तिथवर ताणलेली दोरी आणि तिला बांधलेला घोडा एकच. तोही टम्म फुगलेला.

“भोपळ्या नाव आहे त्याचं,” मी काही विचारलेलं नसताना तो म्हणाला. “मी दातांचा डॉक्टर. तुमची घोडीही बांधा ना याच दावणीला, जागा भरपूर आहे.”

मी दमले होते. बांधली… आणि तिथेच माती खाल्ली.

सकाळी चिंगीवर खोगीर चढवलं, लगाम धरला आणि निघाले, तर बाईसाहेब जागच्या हलेनात! भोपळ्याकडे मान वळवून अशी खिंकाळली की शेजारच्या तंबूंतून डोकी बाहेर आली. परक्या जागी घोडा रात्रभर ज्याच्याशेजारी चारा खातो, त्याला मग सोडत नाही. हे मला लहानपणापासून ठाऊक आहे. तरी बांधली. धन्य माझी!

चिंगी बाबांची. त्यांचे गुडघे गेले आणि दादाने तिला विकायचं काढलं. “तुला एकटीला ती झेपायची नाही,” तो म्हणाला. “रविवारी मी कॅम्पवर येतो. एकटीने तिला तलावापर्यंत नेऊन आणलंस तर ठेव. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे.” मी दिवसभर दुकानात पडदे शिवते, लोकांच्या खिडक्या मोजते. संध्याकाळी चिंगीच्या पाठीवर बसलं की कुठे जिवाला बरं वाटतं. ती गेली तर मी काय करू?

“तुमच्या त्या भोपळ्यामुळे माझी घोडी जाणार!” मी ओरडले. आणि मेलं रडूही तेव्हाच यायचं होतं.

तो गडबडला. सगळं ऐकून घेतलं. मग हळूच म्हणाला, “आजचा दिवस आहे ना हातात? थोडं लांब न्यायचं, ती ओरडायच्या आत परत आणायचं. मग आणखी थोडं—”

“माहितीये मला!”

“मग रडताय कशाला? चला की.”

शनिवार त्यातच गेला. तो भोपळ्याला धरून उभा, मी चिंगीला घेऊन जाते आणि येते, जाते आणि येते. आणि परतले की दर वेळी याचं सुरू…

“आलात? करमलं नाही वाटतं.”

“तोंड बंद ठेवा हो.”

“कसं ठेवणार? आमचा धंदाच तोंडं उघडायचा.”

हसू दाबताना माझे गाल दुखले. दुपारी पावसाची सर आली, तर याने स्वतःची ताडपत्री काढून माझ्या खोगिरावर टाकली आणि आपण निथळत उभा राहिला. “खोगीर भिजलं तर घोडीची पाठ सोलवटते,” म्हणाला. वर शिंकला. काय म्हणावं अशा माणसाला! मी माझा टॉवेल त्याच्या अंगावर फेकला. त्याने तो डोक्याला गुंडाळला आणि माझ्याकडे बघत राहिला… मी उगाचच चिंगीची आयाळ विंचरायला घेतली.

रविवारी दादा आला. हाताची घडी, कपाळाला आठ्या. मी निघाले. चिंगी वळणापर्यंत छान चालली आणि मागून भोपळ्याने जी आरोळी ठोकली! चिंगी थबकली. कान मागे.

“चल गं बाई,” मी तिच्या मानेवर हात ठेवला. “आपण परत येणारच आहोत.”

तिने एकदाच खिंकाळून त्याला उत्तर दिलं… आणि पाऊल पुढे टाकलं. तलाव आला. तिथे मी तिच्या मानेला मिठी मारून पोटभर रडून घेतलं.

परत आले, तर दातांचा डॉक्टर नखशिखांत चिखलात! भोपळ्याने आमच्यामागे यायला त्याला फरफटत नेलं होतं. दादा हसून हसून बेजार. “राहू दे तुझी घोडी,” डोळे पुसत तो म्हणाला आणि गाडीकडे वळला.

“तुमची शिकली एकटी जायला,” डॉक्टर चिखल झटकत म्हणाला. “आमचं काय?”

“भोपळ्यालाही शिकवा. थोडं लांब जायचं, परत यायचं.”

“भोपळ्या शिकेल हो. मी माझं विचारतोय.” तो थांबला. भोपळ्याचा दोर बोटांना गुंडाळू लागला. “दर वेळी तुम्ही त्या वळणापलीकडे गेलात ना, की मला… म्हणजे तुम्ही मला फार आवडता. झालं, बोललो!”

कानापासून पायापर्यंत चिखल, डोक्याला माझा टॉवेल, आणि हा मला हे आत्ता सांगतोय! वैताग नुसता. आणि माझं काळीज मात्र वेड्यासारखं धडधडत होतं.

“पुढच्या शनिवारी येणार आहात?” मी विचारलं.

“येतो! दावण लवकर बांधून ठेवतो. तुमच्यासाठी दोन झाडं वेगळी राखू?”

“काही नको,” मी म्हटलं. “एकच दावण बांध.”