स्लावाला बोलावणं नसतं

"हलू नका! अजिबात हलू नका!"

मी कशाला हलतेय? माझ्या वेणीत काहीतरी गुरगुरत होतं, आणि पांढऱ्या व्हॅनमधून उतरलेला एक लांबटांग्या तरुण जपून पावलं टाकत माझ्याकडे येत होता.

"काय आहे?" मी ओठ न हलवता विचारलं.

"भुंगा. फुलांना फळ धरावं म्हणून तुम्हीच मागवलेल्या पेट्यांमधला. वाटेत झाकण निसटलं..."

त्यानं दोन बोटांनी हळूच बट सोडवली. भुंगा उडाला. बोटं मात्र क्षणभर तिथंच राहिली.

"झालं ना?"

"हो... झालं. मी रास्तको. भुंगेवाला."

"मी यागोदा."

तो हसला. हसणारच! आमच्या भाषेत यागोदा म्हणजे स्ट्रॉबेरी.

"नाव स्ट्रॉबेरी, आणि लावता रासबेरी?"

"आणि तुम्ही भुंगे विकता की वाटेत फुकट सोडता?"

अशी आमची ओळख झाली, जुलैच्या शेवटी, भर उन्हात.

आता मोराविका नदीकाठी रासबेरी कोण लावत नाही? पण सगळ्यांची उन्हाळ्यातच तोडून संपते. मी मार्चमध्ये माझ्या सगळ्या काड्या जमिनीलगत सपासप छाटल्या, तेव्हा शेजारची देसांकाकाकू कुंपणावरून ओरडली, "अगं पोरी, फळ गेल्या सालच्या काडीवर धरतं! डोकं फिरलं का तुझं?" माझ्या रासबेरीची जात वेगळी होती. तिला नव्या काडीवर, शरदात फळ येतं. वर प्लास्टिकचे उंच बोगदे घातले की थंडीतही तोडणी चालू राहते. पण ऐकतंय कोण? अख्खं गाव त्याला 'यागोदाचं नायलॉन' म्हणायचं.

बाबांनी तर सरळ सांगितलं, "मित्रोवदानला टेबलावर आपल्या शेतातली ताजी रासबेरी दिसली, तर शेत तुझं. नाहीतर बोगदे उपटायचे, आणि तू मुकाट चाचाक शहरात मावशीच्या दुकानात उभं राहायचं."

मित्रोवदान, म्हणजे आठ नोव्हेंबर. आमच्या घराण्याच्या संताचा दिवस, आमची स्लावा. तेव्हा आमच्याकडे बर्फ पडतो हो, रासबेरी नाही!

रास्तको मग दर आठवड्याला येऊ लागला. भुंगे बघायला म्हणे! आई हसायची, "हे भुंगे फारच आजारी दिसतात गं."

सकाळी बोगद्याच्या कडा वर गुंडाळायच्या, ऊन कललं की खाली सोडायच्या. एका कडेला मी, दुसऱ्या कडेला तो, आणि मध्ये रासबेरीच्या दाट ओळी. 'तुम्ही' कधी गळून पडलं, कळलंच नाही. सप्टेंबरात पहिलं फळ पिकलं, तेव्हा मी म्हटलं, "तोंड उघड." त्यानं डोळेही मिटले.

"कसं आहे?"

"कळलं नाही. अजून एक दे."

"चल, लबाड!"

ऑक्टोबरात त्यानं रिकाम्या पेट्या व्हॅनमध्ये चढवल्या. आता यायला निमित्त उरलं नव्हतं.

"स्लावाला बोलव ना मला," तो म्हणाला.

"वेडा की काय? स्लावाला कुणी बोलावतं का? बोलावणं नसतंच. ज्याला आठवण असते, तो येतो."

"ठाऊक आहे. पण... तुझ्या तोंडून ऐकायचं होतं."

"नाही ऐकवत, जा."

"मित्रोवदानला निरोपाचा दिवस म्हणतात, यागोदा. जुने बंडखोर त्याच दिवशी एकमेकांना भेटून पांगायचे."

"मग तूही पांग की!"

म्हटलं खरं. व्हॅन वळणाआड गेली आणि मी बोगद्यात शिरून पोटभर रडले. ही माझी जीभ... मेली कुठली!

मित्रोवदानच्या सकाळी खिडकी उघडली. गुडघाभर बर्फ! झाडू घेऊन धावत सुटले. बोगद्याचं छत पोटासारखं खाली लोंबत होतं, कमानी करकरत होत्या, आणि खाली लालचुटूक फळं लगडलेली. मी आतून झाडूनं ढकलत राहिले. हात भरून आले. बर्फ ढिम्म हलेना.

तेवढ्यात बाहेरून कुणीतरी खरवडू लागलं. धप्प... धप्प... बर्फाच्या लाद्या घसरल्या, आत उजेड आला.

"बाबा, डावीकडून! डावीकडून पाडा!"

"बाबा नाहीत गं," बाहेरून आवाज आला.

माझ्या हातातला झाडू खाली पडला. प्लास्टिकपलीकडे एक लांबटांगी सावली उभी होती.

"तू... तू इथं काय करतोयस?"

"भुंगे बघायला आलोय."

"भुंगे केव्हाच संपले!"

"एक उरलाय ना."

मी प्लास्टिकवर हात टेकवला. पलीकडून त्यानं नेमका तिथंच टेकवला. गार प्लास्टिक हळूहळू ऊबदार झालं.

"माझा जीव जडलाय तुझ्यावर, गाढवा!" मी ओरडलेच. "आता डावीकडचा पाड आधी!"

दुपारी टेबलावर मेणबत्ती, सणाची पोळी, गोड गहू, आणि मधोमध माझ्या रासबेरीचं भलंमोठं भांडं. देसांकाकाकूनं नाक मुरडलं, "बाजारातून आणली असेल."

बाबा रिवाजाप्रमाणे पाहुण्यांसाठी उभेच होते. त्यांनी एक फळ तोंडात टाकलं. मग दुसरं. मग मूठभर.

"बाजारातून? या दिवसांत? माझ्या पोरीनं पिकवलीय! खा आणि गप्प बस."

माझे डोळे भरून आले. समोर रास्तको ओल्या मोज्यांनी बसला होता, हातात राकियाचा, आमच्या फळांच्या दारूचा, पेला. म्हटलं, आता जिभेला आवरायचं नाही.

"स्लावाला बोलावणं नसतं," मी सगळ्यांसमोर म्हणाले, "पण लग्नाला असतं. ये माझ्या लग्नाला."

सगळ्यांच्या माना रास्तकोकडे वळल्या. त्यानं पेला खाली ठेवला.

"छे! नवरदेवाला कुणी बोलावणं करतं होय?"

असा हशा पिकला की मेणबत्ती विझता विझता राहिली. आईनं हातरुमालानं डोळे पुसले. देसांकाकाकू भांड्यातली शेवटची रासबेरी उचलत म्हणाली, "काय हो, लग्नातही ही वाढणार का?"

बाबांनी रास्तकोचा पेला काठोकाठ भरला.

"मला काय विचारतेस? शेत तिचं आहे. तिला विचार."