खोडलेला शब्द

तोंडवलीला तिसऱ्यांदा यावं लागलं, तेव्हा सत्यवान वकिलाचं डोकं होडीतच तापलं होतं. एक मृत्युपत्र, त्यात एक माडांची बाग आणि एक घर, आणि तेवढ्यासाठी मालवणहून तीन खेपा! कोल्हापुरात वकिली शिकून आलेला माणूस. १९५८ सालात आपण असल्या भानगडीत कसे अडकलो, हेच त्याला कळेना.

तसं काम साधं होतं. मृत्युपत्र करणाऱ्या दाजींचा मुलगा महादू तीन वर्षांपूर्वी कौलांचं गलबत घेऊन मुंबईला निघाला, तो पोचलाच नाही. मागे राहिली त्याची बायको जानकी. दाजींना धाप लागलेली. ते गेले की पुतण्या भाई तिला चुलीसकट बाहेर काढणार, हे सारा गाव जाणून होता. म्हणून दाजींना सगळं सुनेच्या नावे करायचं होतं. मग घोडं अडलं कुठे?

तर गाऱ्हाण्यात. गावात मोठं काम निघालं की एकाने मोठ्याने गाऱ्हाणं घालायचं आणि बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. दाजींनी मृत्युपत्रालाही तेच लावलं. सत्यवानाने वाचायचं, साक्षीला आलेले शेजारी बाबली आणि मथुरा, शिवाय जानकी, यांनी होकार द्यायचा. दोन्ही खेपांना त्यांनी दिलाही. पण दाजी समुद्राकडच्या दाराशी कान लावून बसले आणि शेवटी मान हलवून म्हणाले, "नाय. तेणा अजून व्हय म्हणूक नाय." कोण तो, ते मात्र सांगेनात.

त्यात ती खुर्ची! घरात एकच, वेताची, महादूने मुंबईहून आणलेली, भिंतीला टेकवून ठेवलेली. पाहुणा म्हणून सत्यवानाला तिथेच बसवायचे, आणि दर वेळी ती ओली. परतताना होडीतली माणसं त्याच्या विजारीकडे बघून हसत. "जरा पुसून तरी ठेवा हो," तो मागे खेकसलाही होता. "रोज पुसतंय," जानकी म्हणाली होती. कपाळाचं कुंकू न पुसलेली ती बाई त्याला हट्टी वाटली होती.

आज भर दुपार होती. बाहेर मासळी वाळत टाकलेली, वारा पडलेला. खुर्ची ओलीच. तो दात-ओठ खात बसला आणि वाचू लागला. "...माझा मयत मुलगा महादू याची विधवा जानकी..."

तीन होकार आले. दाजींनी मान हलवली.

"आता पुरे झालं, दाजी! उद्या तुम्ही डोळे मिटलेत तर ही रस्त्यावर येईल. तिची तरी कीव करा!"

"म्हादू मेलो म्हणान कोणी सांगल्यान तुमका?" दाजींना धाप लागली होती. "तो शब्द काडा."

"काढला, तर भाई कोर्टात विचारील, मग मुलगा आहे कुठे? मी काय सांगू?"

जानकी त्याच्या पेनाकडे बघत उभी होती.

सत्यवानाला रडू येईल इतका राग आला. घ्या एकदाचं! त्याने 'मयत' खोडलं, 'विधवा' खोडलं, वर 'पत्नी' लिहिलं आणि एका दमात सगळं वाचून टाकलं.

"व्हय म्हाराजा," बाबली म्हणाला. मथुरा म्हणाली. जानकी म्हणाली.

"व्हय म्हाराजा."

हा चौथा आवाज तरुण होता. तो सत्यवानाच्या मागून, अगदी कानाजवळून आला. मागे भिंत होती.

कोणी दचकलं नाही. दाजींनी डोळे पुसले आणि सही केली. बाबलीने केली. मथुराने अंगठा उठवला. सत्यवानाला पेनाचं टोपण काही केल्या बसेना.

जानकी पुढे आली.

"वकीलसायब, आता खुर्चयेवरसून उठा. तेंका बसूचा आसा."

तो उठला. मागे वेत करकरला.

जानकीने खुर्चीपुढे पाय पुसायला कोरडं पोतं अंथरलं. ते हळूहळू भिजत गेलं.