विदालची खूण

कुणी हसलं तरी चालेल, पण हे घडलंय. डोमिनिकन प्रजासत्ताकात, सान पेद्रो गावात. तेही भर दुपारी.

इरास्मो हा बेसबॉलचा पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा. अमेरिकेतल्या मोठ्या क्लबकडून खेळायचा. खांदा कामातून गेला आणि क्लबने त्याला घरी पाठवलं.

थोरला भाऊ विदाल कॅचर होता. लहानपणापासून इरास्मोचे चेंडू त्यानेच झेलले. आदल्या वर्षी तो मोटरसायकलच्या अपघातात गेला होता.

उसापलीकडच्या ओसाड मैदानावर इरास्मो एकटाच जाळीवर चेंडू मारत बसायचा.

त्या दुपारी वारा पडला होता. त्याने चेंडू फेकला...

थप्प!

हा जाळीचा आवाज नव्हता. चामड्याच्या ग्लोव्हचा होता.

आणि चेंडू खाली पडलाच नाही.

फाटकातून बहीण नेरेइदा ओरडली, "अहो सुपरस्टार, भात गार झाला! कुणाबरोबर खेळतोयस?"

"एकटाच आहे गं."

"मग चेंडू परत कोण टाकतंय?"

त्याने हाताकडे पाहिलं.

चेंडू परत हातात आला होता...

त्या दिवसापासून खांदा दुखायचा थांबला. गावच्या संघाने त्याला हिवाळी स्पर्धेत घेतलं. तो सामन्यामागून सामना जिंकून देऊ लागला.

संघाचा कॅचर कुकी एकदा वैतागला. "कुठला चेंडू टाकायचा, याच्या खुणा बोटांनी करून मी मरतोय, आणि तू माझ्या डोक्यावरून कुणाकडे बघतोस रे?"

इरास्मो नुसता हसला. कसं सांगणार? कुकीच्या मागे, अंपायरच्याही मागे, विदाल उकिडवा बसलेला असायचा. त्याची खूण कधी चुकायची नाही.

अंतिम सामना आला. समोर कोवळा, अनोळखी बॅटर. इरास्मोने कुकीच्या मागे पाहिलं...

विदालने बोटं दाखवली नाहीत.

हात सावकाश वर नेला आणि स्वतःच्या कपाळावर टेकवला.

डोक्यात मार.

इरास्मोने मान हलवली. नाही.

पुन्हा तीच खूण... आणि त्याचा हात आपोआप मागे जाऊ लागला.

सगळा जीव एकवटून त्याने बोटं उघडली. चेंडू पायाशी पडला. शिट्ट्या, शिव्या ऐकत तो मैदानाबाहेर चालत गेला. पुन्हा कधीच खेळला नाही.

घरी त्याने नेरेइदाला सगळं सांगितलं.

ती म्हणाली, "विदाल असं सांगेल? समोरच्याला खरचटलं तरी धावत जायचा तो!"

"तेच तर..." इरास्मो म्हणाला. "मग मागे बसलेलं कोण होतं?"

नेरेइदाने उठून दार लावून घेतलं.