तेरा लाख भोकांची चाळण

भूत, पिशाच्च, शकुन, अपशकुन ही सगळी अज्ञानाची अपत्यं आहेत आणि विज्ञानाचा उजेड पडला की ती पळ काढतात, हे माझं आयुष्यभराचं ठाम मत आहे. शनिवारी मी नखं कापत नाही, ते केवळ उर्मिला कापू देत नाही म्हणून.

सन दोन हजार. रास अल खैमातल्या एका सिमेंट कारखान्यात मी प्रयोगशाळेचा प्रमुख होतो. कंपनीच्या क्वार्टर्स कारखान्याला लागूनच. मागे उघडेबोडके डोंगर, पुढे समुद्र आणि मधल्या प्रत्येक वस्तूवर पिठासारखी धूळ. सकाळी जिना झाडला की संध्याकाळी त्यावर बोटाने नाव लिहिता यायचं. दुसऱ्या मजल्यावर समोरासमोर दोनच दारं. एक आमचं, दुसरं भट्टीवरच्या कोरियन इंजिनियरचं. त्याच्या घरच्या मिसेस हान आणि आमची उर्मिला यांची घट्ट मैत्री. दोघींना एकमेकींचं इंग्रजी कळायचं, इतरांना दोघींचंही कळत नसे. पातेली, किसण्या, वाट्या या दारातून त्या दारात न विचारता फिरत.

फेब्रुवारीतल्या एका शुक्रवारी मिसेस हानच्या दारावर चाळण टांगलेली दिसली. लाकडी कड, घोड्याच्या केसांची बारीक जाळी. दुसऱ्या दिवशी शारजात आमच्या रिद्धीची चारशे मीटरची शर्यत होती, म्हणून उर्मिला लाडू वळायला बसली होती आणि नेमकी आमची चाळण सापडत नव्हती. तिने समोरची उतरवून आणली.

"धुऊन वाळत लावली असेल," ती म्हणाली. मग आपल्या सवयीने बेसन तळहाताने दाबून चाळलं आणि जाळी कडेपासून सुटली.

संध्याकाळी फाटक्या चाळणीत पाच लाडू घालून आम्ही परत करायला गेलो. मिसेस हाननी लाडवांकडे पाहिलंच नाही. जाळीवरून बोट फिरवलं आणि मग हळू आवाजात जे सांगितलं ते असं: आज त्यांच्या पंचांगातली वर्षाची शेवटची रात्र. आज एक भूत येतं. ते मारत नाही, झपाटत नाही. दाराबाहेरचे बूट घालून बघतं आणि जो जोड बरोब्बर बसेल तो घेऊन जातं. ज्याचा जोड गेला, त्याचं वर्ष गेलं. म्हणून बूट आत घ्यायचे आणि दारावर चाळण लावायची. भूत भोकं मोजत बसतं, चुकतं, पुन्हा पहिल्यापासून मोजतं. तेवढ्यात उजाडतं.

"सरकारी खात्यातलं दिसतंय," मी म्हणालो.

कोणी हसलं नाही. मिसेस हाननी आमच्या दाराकडे बोट दाखवलं. तिथे आमच्या चपलांच्या रांगेत रिद्धीचे धावायचे नवे निळे बूट होते.

"टुनाइट, इनसाइड," त्या म्हणाल्या.

रिद्धी बारा वर्षांची. या शर्यतीत ती दोन वर्षं चौथी आली होती, आणि तीनच जणांना पदक मिळतं हे तिला कोणी समजावून सांगण्याची गरज नव्हती. सहा महिने ती रोज पहाटे कंपनीच्या मैदानाला चकरा मारत होती.

"आई, प्लीज. बूट आत घे. इट्स माय रेस."

"वहाणा उंबऱ्याच्या आत? घरात देव आहेत."

"देव डोन्ट रन, आई."

"म्हणूनच ते घरात राहतात. बूट बाहेर राहतील."

रिद्धीचे डोळे भरून आले. उर्मिला लाडवांकडे बघत राहिली, कारण चाळण तिनेच फाडली होती. अशा वेळी विज्ञानाने पुढे व्हायचं असतं. मी प्रयोगशाळेत गेलो आणि सिमेंटचा बारीकपणा तपासायची पितळी चाळण घेऊन आलो. नव्वद मायक्रॉन. एका चौरस सेंटिमीटरला चार हजारांवर भोकं, एकूण तेरा लाखांच्या वर.

"सेकंदाला एक मोजलं," मी मिसेस हानच्या दारावर ती टांगत म्हणालो, "तरी न थांबता पंधरा दिवस लागतील. बसू दे मोजत."

मिसेस हाननी मला वाकून नमस्कार केला. प्रयोगशाळेत इतक्या वर्षांत असं कोणी केलं नव्हतं.

पहाटे साडेपाचला, शारजाला निघायचं म्हणून मी दार उघडलं. मशिदीतून अजान सुरू होत होती.

चपलांची रांग होती, पण सगळ्यांची तोंडं भिंतीकडे वळलेली. माझ्या ऑफिसच्या बुटांच्या नाड्या सुटलेल्या. उर्मिलाच्या चपलेचा पट्टा ताणलेला.

निळे बूट रांगेत नव्हते.

फरशीवर रात्रभराची धूळ बसली होती. तिच्यात रिद्धीच्या बुटांच्या तळव्यांची नागमोडी नक्षी उमटली होती. पावलं आमच्या दारातून निघून समोरच्या दारापर्यंत गेली होती. लहान, सावकाश पावलं.

बूट तिथेच होते. चाळणीसमोर, एकमेकांना चिकटून.

परतीची पावलं नव्हती. अनवाणीसुद्धा नव्हती.

चाळणीवर धूळ होती, फक्त वरच्या कडेला बोटभर जागा लखलखीत पुसलेली.

मी बुटात हात घातला. आत ऊब होती.

मी ठसे पायाने पुसले, बूट जागेवर ठेवले आणि रिद्धीला हाक मारली. तिला काही सांगितलं नाही. उर्मिलालाही गाडीत बसेपर्यंत नाही.

शर्यत रिद्धीने जिंकली. नुसती जिंकली नाही. शेवटच्या वळणावर दोघींना मागे टाकून ती अशी सुटली, की शेजारच्या अनोळखी मल्याळी गृहस्थांनी माझा खांदा गदागदा हलवला. मला ओरडताना उर्मिलाने लग्नानंतर प्रथमच पाहिलं. शाळेच्या बाईंना रडू फुटलं. दुपारी मिसेस हानना फोन केला, तेव्हा पलीकडून टाळ्या ऐकू आल्या.

परतीच्या रस्त्यावर मी जरा बोललो, हे कबूल करतो. उर्मिलाला दबक्या आवाजात सगळं सांगितलं. शेकडो वर्षं एक भूत एका देशाचे बूट पळवतंय आणि एका मराठी माणसाने ते एका पितळी चाळणीने अडवलं. बूट पायात चढवून निघालेलं भूत, तेरा लाखांत अडकलं आणि जोड टाकून पळालं. विज्ञान, दुसरं काय.

"हळू बोला," उर्मिला म्हणाली. "झोपलीय ती."

मागच्या सीटवर रिद्धी पदक गळ्यात घालून पडली होती. बूट काढून तिने शेजारच्या रिकाम्या सीटवर ठेवले होते, नीट, जोडीने. डोळे मिटलेलेच होते.

"बाबा," ती म्हणाली, "नेक्स्ट इयर एक साइझ मोठे घ्याल? हे तिला टाइट होतात."